आपलीच गस्त आपल्या नसांवर उलटते तेव्हा

आज समोर शेतकरी मंडळी आहेत, शिक्षक आहेत, आशाताई आहेत, मागच्या रांगेत कॉलेजची मुलंही दिसतात. म्हणून विषय मोठा असला तरी भाषा सोपी ठेवण्याचा प्रयत्न करतो. मध्येच काही कळलं नाही तर हात वर करा. बाकीचे प्रश्न शेवटी घेऊ.

जानेवारी २०२५ आठवा. आपल्या पाचोरा तालुक्यातली कितीतरी मुलं शिक्षणाला, नोकरीला पुण्यात आहेत. त्या महिन्यात घरोघरी फोन वाजत होते, "पाणी उकळून पी रे बाबा, बाहेरचं खाऊ नको." कारण सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड, धायरी या भागातून रुग्ण येत होते. चांगले धडधाकट लोक, पण चालता चालता पाय लटपटायला लागले. दोन दिवसांत उठून बसता येईना. काहींना तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. वर्तमानपत्रांत नाव आलं 'जीबीएस', म्हणजे गुलेन-बारे सिंड्रोम. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काहींचा मृत्यूही झाला.

त्या वेळी लोकांनी आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. पाणी खराब होतं, तर जुलाब व्हावेत, उलट्या व्हाव्यात. पाण्यानं पाय कसे जातील?

प्रश्न अगदी बरोबर आहे. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

केबल आणि गस्त

आधी एक शब्द स्पष्ट करू. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नस म्हणतो. आज नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणारी तार.

विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांसमोर आणा. आत तांब्याची तार, वर रबराचं आवरण. उंदरानं आवरण कुरतडलं तर काय होतं? घरून स्टार्टर दाबला, लाईट आहे, मोटारही चांगली आहे, पण पाणी येत नाही. नसेचं तसंच. आत तार, तिच्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण. आवरण शाबूत असेल तर निरोप झपाट्यानं जातो. ते निघालं की निरोप रखडतो, नाहीतर वाटेतच थांबतो. मेंदू हुकूम देतोय, पायाचे स्नायू चांगले आहेत, पण पाय हलत नाही.

आता हे आवरण कुरतडतं कोण? गावात रात्रीची गस्त असते. परका माणूस दिसला की हटकायचं, हे तिचं काम. आपल्या शरीरात ही गस्त म्हणजे प्रतिकारशक्ती. जंतू शिरला की ती त्याचं वर्णन टिपून घेते आणि त्या वर्णनाला नेमकी बसणारी अँटिबॉडी तयार करते. पुढे तसा दिसेल त्याला धरते. पण समजा चोरानं जो सदरा घातला होता, तसाच सदरा गावातल्या एका सज्जन माणसाच्या अंगात आहे. अंधारात गस्तवाले त्यालाच धरतात. गस्त वाईट नाही, तिचा हेतूही वाईट नाही. ओळख चुकली, एवढंच.

ऑटोइम्यून किंवा स्वयंप्रतिकार आजार म्हणतात तो हाच. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून तो होत नाही. ती चुकीच्या ठिकाणी चालून गेली म्हणून होतो. त्यामुळे 'ताकद वाढवायची सुई द्या' हा त्यावरचा इलाज होऊच शकत नाही.

पुण्यात काय घडलं

पुण्यातल्या अनेक रुग्णांना पाय जाण्याआधी काही दिवस जुलाब झाले होते. तिथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, त्यांतल्या काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाणी, कच्चं दूध, नीट न शिजलेलं कोंबडीचं मांस यांतून तो पोटात जातो. त्या भागातल्या विहिरीच्या पाण्याचा पुरवठा म्हणूनच तपासाच्या केंद्रस्थानी आला.

या जिवाणूच्या अंगावर साखर आणि चरबीचं एक आवरण असतं. त्यातला काही भाग आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या पदार्थासारखा हुबेहूब दिसतो. हाच तो सारखा सदरा. शरीर जुलाबाच्या जंतूवर अँटिबॉडी बनवतं, जंतू मरतो, जुलाब थांबतात, माणूस म्हणतो बरं वाटलं. आणि एक ते तीन आठवड्यांनी त्याच अँटिबॉडी नसांवर चढाई करतात. पाण्यानं पाय कसे जातात, याचं उत्तर हे. पाय पाण्यानं जात नाहीत. पाण्यातल्या जंतूला मारायला निघालेली फौज घरात शिरते.

घाबरून जाऊ नका. हा जंतू पोटात गेलेल्या हजारांत एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी लोकांना जीबीएस होतो. एरवी लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण, असं जगभरचं साधारण प्रमाण आहे. पण एकाच भागात हजारो लोक एकच दूषित पाणी प्यायले, की दुर्मीळ आजाराचीही रांग लागते. १९९१ च्या सुमारास उत्तर चीनमधल्या खेड्यांत उन्हाळ्यात मुलांचे हातपाय लुळे पडायचे. तिथे गेलेल्या संशोधकांनाही याच जंतूचा माग लागला. म्हणजे हा पुण्याचाच प्रश्न नाही. जिथे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळू शकतं, त्या प्रत्येक गावाचा आहे.

आजाराचं नाव मात्र जुनं. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, गुलेन, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी लुळे पडलेल्या दोन सैनिकांचं वर्णन लिहिलं. हे सैनिक बरे झाले. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पोटातली चौदा इंजेक्शनं

शरीर आपल्याच मेंदूवर उलटू शकतं, हे माणसाला कळलं कसं? त्याची एक गोष्ट इथल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावरच लिहिलेली आहे. साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, कुत्रा चावला की काय व्हायचं? "पोटात चौदा सुया!"

ती लस १९११ साली डेव्हिड सेंपल यांनी हिमाचलातल्या कसौलीला तयार केली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, फिनॉल घालून तो मारायचा आणि त्या मेंदूच्या ऊतीचं पातळ मिश्रण रोज पोटाच्या कातडीखाली टोचायचं. या लशीनं असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगायला हवं. पण काही थोड्या लोकांना लस घेता घेताच ताप यायचा, पाय जायचे, लघवी अडायची, शुद्ध हरपायची. आणि हा रेबीज नसायचा.

मग काय होतं? लशीत विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूतलं मायलिनही होतं. मेंढीचं मायलिन आणि माणसाचं मायलिन यांत फार फरक नाही. दिवसामागून दिवस ते टोचल्यावर काहींच्या गस्तीनं त्यालाच परका ठरवलं आणि मग स्वतःच्या मेंदू-मज्जारज्जूतलं मायलिन धरलं. १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. जंतू कुठलाच नाही, तरी काही माकडं लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूतलं मायलिन गेलेलं आढळलं. आज मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांचं पुष्कळसं ज्ञान या प्रयोगाच्या वाटेनं आलं आहे.

आपल्या देशात मेंढीच्या मेंदूची ती लस २००४ अखेर बंद झाली. आजची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते, तिच्यात मेंदूची ऊती नसते आणि ती दंडात देतात.

हल्ला कुठे, त्यावर लक्षण

जीबीएसमध्ये हल्ला हातापायांच्या नसांवर होतो. पण गस्त दुसरीकडेही चुकू शकते. कुठे चुकली, त्यावर आजाराचं रूप ठरतं.

पहिली जागा म्हणजे नस जिथे स्नायूला भेटते तो सांधा. इथे आपल्याला मण्यार आठवायला हवी. शेतात, घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर पहाटे त्याच्या पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. कारण तिचं विष नेमकं या सांध्यावर बसतं. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून १९६३ साली एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि त्याच द्रव्याच्या मदतीनं शास्त्रज्ञांना सांध्यावरचा निरोप घेणारा रिसेप्टर ओळखता आला. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या माशाचा रिसेप्टर सशांना टोचला. सशांनी त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या आणि ससे ढिले पडले. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असाच. साप चावलेला नसतो, पण आपल्याच अँटिबॉडी त्या सांध्यावर मण्यारीसारख्या बसतात. सकाळी माणूस बरा असतो. संध्याकाळी पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, जेवता जेवता जबडा थकतो, बोलता बोलता आवाज नाकात जातो. विश्रांतीनं पुन्हा बरं वाटतं. घरचे म्हणतात आळस आहे, सोंग आहे. सोंग नसतं.

दुसरी जागा डोळ्याची नस आणि मज्जारज्जू. वीस ते चाळीस वयातली व्यक्ती, बायकांमध्ये जास्त. एका डोळ्याची नजर काही दिवसांत अंधुक होते, डोळा फिरवताना दुखतो. किंवा कमरेखाली बधिरपणा येतो, लघवी अडते. काही आठवड्यांनी सुधारतं, म्हणून विसरलं जातं. काही महिन्यांनी दुसरा झटका येतो. हा मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो, किंवा एनएमओ नावाचा त्याचा चुलतभाऊ. दिसायला सारखे, पण एनएमओची अँटिबॉडी वेगळी, ती २००४ साली सापडली. आणि एकाची काही औषधं दुसऱ्याला अपाय करतात. म्हणून नजर परत आली तरी तपासणी अर्धवट सोडू नये.

तिसरी जागा खुद्द मेंदू. इथे जरा थांबून ऐका, कारण इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त अन्याय होतो. एक तरुण मुलगी समजा. आठवडाभर डोकेदुखी, थोडा ताप. मग झोप उडते, असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्यांना ओळखत नाही. तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, आणि शेवटी एकटक पाहत गप्प. आपल्याकडे याला एक तयार नाव आहे, 'बाहेरची बाधा'. मग भगताकडे फेऱ्या होतात, मिरच्यांची धुरी दिली जाते, कधी मारही बसतो.

२००७ साली जोसेप डालमाउ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा काही रुग्णांत मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर अँटिबॉडी चालून गेलेल्या असतात. काही तरुण स्त्रियांत अंडाशयात एक गाठ असते, तिच्यात मेंदूसारखी ऊती असते. गस्त तिच्यावर जाते आणि तिथून मेंदूवर उलटते. गाठ काढली आणि औषधं वेळेत दिली, तर बहुतेक रुग्ण सुधारतात. पुन्हा शिकतात, काम करतात. म्हणजे ज्या मुलीला गावानं झपाटलेली ठरवलं, ती काही महिन्यांत स्वतःच्या पायांनी घरी येऊ शकते. प्रत्येक मानसिक आजार असा असतो असं मुळीच नाही. पण लक्षणं दिवसांत-आठवड्यांत अचानक आली, सोबत ताप, झटके किंवा हालचालींत बदल असेल, तर मेंदूची तपासणी झालीच पाहिजे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

घड्याळ आणि अंतर

आता आपल्या कामाची गोष्ट. हे आजार दुर्मीळ आहेत, पण त्यांतले बरेचसे आटोक्यात येतात. अट एकच, वेळ.

जीबीएससाठी दोन मुख्य उपचार आहेत. एक, रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, यंत्रानं बदलायचा, म्हणजे चुकीच्या अँटिबॉडी बाहेर जातात. दुसरा, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, साधारण पाच दिवस. हे औषध हजारांहून अधिक दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, म्हणून महाग असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसच्या उपचाराचा समावेश आहे, त्यामुळे दवाखान्यात पोहोचल्याबरोबर योजनेची चौकशी करा. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर फायदा सर्वांत जास्त. पण खरा धोका श्वासाचा. चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो, आणि तो कधी लागेल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून ओळख महत्त्वाची. लकवा, म्हणजे पक्षाघात, एका बाजूचा असतो आणि मिनिटांत येतो. जीबीएस दोन्ही पायांत, तळव्यांच्या मुंग्यांपासून सुरू होतो, तासांत-दिवसांत वर चढतो. सोबत पाठ, मांड्या दुखतात. आज जिना चढताना त्रास, उद्या उकिडवं बसून उठता येत नाही, परवा पाण्याचा तांब्या उचलत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दोन दिवसांत आम्ही डॉक्टरही फसतो. अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं जातं, बी-बाराची सुई दिली जाते. म्हणून तुम्हीच सांगा, "काल इतकं होतं, आज वर चढलंय, पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते." या एका वाक्यानं निदान दोन दिवस आधी होऊ शकतं.

घरी एक साधी परीक्षा करा. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्या एकाच श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावा. वीसपर्यंतही पोहोचत नसेल, उशीवरून मान उचलत नसेल, पाणी गिळताना ठसका लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. इथल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, पण तिथून पुढे व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी, जळगावला किंवा धुळ्याला, जायची तयारी ठेवा. पाचोऱ्याहून जळगाव पन्नास किलोमीटरच्या आसपास. रस्ता तासाभराचा आहे. आपला वेळ जातो तो रस्त्याच्या आधी, अमक्याचं तेल, तमक्याचा काढा, नस बसवणारा, या फेऱ्यांत.

आशाताईंसाठी एक गोष्ट. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याची लगेच नोंद द्यायची आहे, शौचाचे नमुने तपासायला जातात. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. पोलिओ गेला तरी ही नोंद चालू आहे, आणि आज त्या नोंदींत जीबीएसची मुलं सापडतात. तुमची एक नोंद त्या मुलाला वेळेत दवाखान्यात पोहोचवते.

काही प्रश्न

*डॉक्टरसाहेब, मग कुत्रा चावल्यावर सुई घ्यायची का नाही?*

घ्यायचीच, आप्पा. त्याच दिवशी. जखम आधी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. आम्ही सांगितला तो त्रास जुन्या लशीचा होता. रेबीज झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

*हा जीबीएस घरात दुसऱ्याला लागतो का?*

नाही. रुग्णाजवळ बसा, त्याचा हात धरा, खुशाल. जुलाबाचा जंतू मात्र पसरतो, म्हणून हात धुणं, पाणी उकळणं आणि गावच्या विहिरीत, टाकीत क्लोरिन पडतंय का हे विचारणं. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

*कोंबडी खायची बंद करू का?*

बंद कशाला? पूर्ण शिजवा. कच्चं मांस कापलेल्या विळीवर, पाटावर लगेच कोशिंबीर चिरू नका. तोच जंतू तिथून पोटात जातो.

*माझ्या मुलीच्या सासरी एकाला झाला होता. सहा महिने झाले, अजून काठी घेऊन चालतो. पूर्ण बरा होईल का, ताई?*

बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, पण सगळे नाही. नुसतं आवरण गेलं असेल तर ते आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा चढतं. आतली तार तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे कळेल एवढा वेळ का लागतो. व्यायाम चालू ठेवा, फिजिओथेरपी सोडू नका. वर्ष उलटल्यावरही सुधारणा होत राहते.

म्हणूनच १९१६ च्या त्या दोन सैनिकांची गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो. हा आजार माणसाला आडवा पाडतो, पण बहुतेकांना पुन्हा उभं राहू देतो. तोवर त्याचा श्वास चालू ठेवणं आमच्या हातात आहे. आणि त्याला वेळेत आमच्यापर्यंत आणणं तुमच्या.